जखमी शिपाई घरी येतो, त्यानंतरची कविता

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे. युद्धात जखमी झालेला माणूस घरी येतो, हळूहळू बरा होतो. त्याच्या संसाराचं पुढं काय होतं, हे कवितेनं कितपत पाहिलं?

आपण राहतो त्या देशापासून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धाच्या वेळी न्यूझीलंडची लोकसंख्या जेमतेम ११ लाख होती. त्यातले सुमारे १८ हजार मेले, सुमारे ४१ हजार जखमी झाले. दरवर्षी २५ एप्रिलच्या पहाटे, अँझॅक डेला, लाल पॉपी लावून आपल्यातले काहीजण उभे राहतात ते मुख्यतः मेलेल्यांसाठी. जखमी त्यांच्या दुपटीहून जास्त होते आणि त्यांतले बहुतेक घरी परतले.

हॅन्मर स्प्रिंग्जला आपण गरम पाण्यात डुंबायला जातो. तिथं १९१६ साली सैनिकांसाठी क्वीन मेरी हॉस्पिटल सुरू झालं. पुढच्याच वर्षी मुंबईत अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती पुढं खडकीला गेली. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, त्याच्या लगेच नंतरचे हे दिवस. राणी एकच, साम्राज्याची टोकं दोन. दोन्हीकडे सोय झाली ती पुरुषाची. त्याला घरी सांभाळणारीसाठी वेगळं काही करावं असं कुणाला वाटलं नसावं.

ड्युनेडिनमध्ये १८८२ साली जन्मलेले सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये सिडकपच्या हॉस्पिटलात उद्ध्वस्त झालेले चेहरे पुन्हा घडवले. तिथल्या वॉर्डांत आरसे ठेवत नसत. पण घरी आरसा नसला तरी बायकोचे डोळे असतातच. ते काय पाहतात आणि काय लपवतात, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं. ते लिहायचं काम कवितेचं.

इंग्रजी युद्धकविता इथपर्यंत येऊन थांबते. विल्फ्रेड ओवेनने १९१७ साली 'डिसेबल्ड' लिहिली. पाय गमावलेला पोरगा चाकांच्या खुर्चीत बसून आहे आणि बायकांच्या नजरा आता धडधाकट पुरुषांकडे वळतात, हे त्याला कळतं. कविता थोर आहे. पण तिच्यातल्या बायका लांबून बघणाऱ्या आहेत. ओवेन अविवाहित होता आणि युद्ध संपायच्या आठवडाभर आधी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी मारला गेला. त्या जखमेसोबतची पुढची चाळीस वर्षं त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

आता आपल्याकडे पाहू. लावणीत मोहिमेवर निघालेल्या धन्याला अडवणारी स्त्री आहे. पोवाड्यात लढता लढता पडलेला वीर आहे. हात किंवा पाय गमावून परत आलेला शिपाई आणि त्याची बायको मात्र माझ्या वाचनात जवळजवळ नाहीत. पोवाडा चारचौघांत, डफावर म्हणायचा. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची चिडचिड, त्याला वाटणारी लाज, बायकोचा शीण, रात्रीचं अंतर हे चारचौघांत कोण म्हणणार?

शिवाय आपल्यापुढं आदर्श ठेवले गेले तेही बघा. सावित्रीने सत्यवानाला परत आणलं, तो ठणठणीत बरा झाला, कथा संपली. गांधारीने डोळ्यांवर पट्टी बांधली, तिला आपण पतिव्रता म्हटलं. खरं तर आंधळ्या नवऱ्याला डोळस बायकोचा उपयोग जास्त! पण तिने स्वतःचं काही गमावल्याशिवाय तिचं प्रेम आपल्याला पटत नाही.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले. मराठा पलटणीतून १९४४ साली इटलीत लढताना त्यांचा डावा हात कोपरापासून गेला. घरी आल्यावर नांगराचा प्रश्न उभा राहिला. एका हाताने रुमणंही धरायचं आणि बैलही हाकायचे, हे जमेना. बाईने नांगराला हात लावायचा नाही, ही गावची रीत. मग लोक उठायच्या आत, अंधारात, आजी रुमणं धरायची आणि आजोबा बैल हाकायचे. उजाडलं की ती बांधावर जाऊन गवत कापायला लागायची, म्हणजे बघणाऱ्याला शेत आजोबांनीच नांगरलं असं वाटावं. आजोबांचा संताप मात्र तिच्यावरच निघायचा. मदत घ्यावी लागते याचा तो राग होता, असं आजी सांगायची. आणि पुढं म्हणायची, "पण सरी सरळ यायची हो आमची!" या एका वाक्यात तक्रार आहे, अभिमान आहे आणि संसारही आहे. मला हवी असलेली कविता ती हीच.

अशा कवितेला लागणारं माध्यम मराठीत होतं. जात्यावरची ओवी बाई पहाटे, घरातल्या घरात, स्वतःच्या तोंडाने गायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जातं थांबलं, आणि बाईने स्वतःशी बोलायची जागाही गेली.

हा प्रश्न फक्त शिपायांचा नाही. इथं १९७४ पासून एसीसी आहे. अपघातानंतर घरी मदतनीस मिळतो, कधी घरच्याच माणसाला त्या कामाचे पैसे मिळतात. म्हणजे निदान हे 'काम' आहे एवढं तरी मान्य होतं. आपण मात्र त्याला 'सेवा' म्हणतो आणि हिशेब मिटवतो. आपल्या ओळखीच्या घरांतही कुणी पक्षाघात झालेल्या जोडीदाराला उचलून बसवत असेल. भेटल्यावर आपण विचारतो, "ते कसे आहेत?" "तू कशी आहेस?" हे विचारायचं राहूनच जातं.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ज्यांच्या घरात कुणी पलटणीत होतं, त्यांनी आजीला, आत्याला, मावशीला फोन करा. युद्धाबद्दल विचारू नका. तो घरी आल्यावर पहिल्या वर्षी काय झालं, ते विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, सुधारू नका. पुढच्या बैठकीत ते आपण वाचू या.

आता चर्चेला सुरुवात करू या.