केडगावच्या मुक्ती मिशनमधली प्रौढ शाळा

वराळे, तळेगावच्या आपल्या पट्ट्यातून पुणे गाठायचं आणि पुढे दौंडच्या वाटेला लागायचं, की केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. मग 1896 चा दुष्काळ पडला आणि मध्य प्रांतातून शेकडो निराधार बायका-मुली त्यांनी केडगावला आणल्या.

यातल्या कितीतरी जणी वयानं मोठ्या, विधवा, अक्षराशी ओळख नसलेल्या. त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, जोडीला विणकाम, शेती, गुरांची निगा. पण खरी कमाल छापखान्याची! बायका शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायच्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं. काना, मात्रा, वेलांटी नेमकी बसवायची. कालपर्यंत निरक्षर असलेल्या बाईनं हे करावं, यापुढे कुठली परीक्षा मोठी? रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. ख्रिस्ती धर्मांतरावरून रमाबाईंवर टीका खूप झाली. बायकांच्या हाती आलेलं कसब मात्र कुणाला नाकारता आलं नाही. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. संस्था आजही सुरू आहे.

मोठ्या वयात शिकायची सोय आजही आहे. तुमच्या घरात, शेजारी कुणी अजून अंगठा उठवत असेल, तर ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांच्या आणि त्यावरच्या सगळ्या निरक्षरांसाठी आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन चौकशी करा.