आगगाडीचा पास आणि आम्ही दोघी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



"युरोपात जाऊन आलात, तर चार शब्द सांगा," असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. बर्फ, राजवाडे आणि चॉकलेट यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. परंतु ज्यांची मुले तिकडे आहेत अशा दोघीतिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलीला रजा नव्हती, तर तुम्ही दोघी बायकाच आगगाडीने कशा हिंडलात?" तेवढ्याचेच उत्तर आज देते.

दोघी म्हणजे मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी वहिनी म्हणते. त्या एकाहत्तर वर्षांच्या, मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गला असते. तिने आमच्यासाठी जो काढला त्याला युरेल पास म्हणतात.

पास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा लोकलचा पास येतो. त्यात दोन स्थानके ठरलेली, आणि महिनाभर कितीही वेळा जा-ये करा. या पासात स्थानके आपल्या मर्जीची, मात्र दिवस मोजून दिलेले. आमचा पास महिन्याभरात कोणतेही पाच दिवस वापरण्याचा होता. दिवस उघडला की मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत गाड्या किती बदलल्या हे कोणी विचारत नाही. हा पास 1959 साली निघाला आणि आता 33 देशांत चालतो. साठीपुढच्यांना दहा टक्के सूट आहे, ती विसरू नका.

हा पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीच आहे. मुलीचा पासपोर्ट आपलाच, पण राहणे तिकडचे, म्हणून तिला तो मिळत नाही. तिच्यासारख्यांना 1972 साली सुरू झालेला इंटररेल घ्यावा लागतो, आणि स्वतः राहतो त्या देशात तो एकदा बाहेर पडताना व एकदा परत येताना, एवढाच चालतो. मुले हौसेने "सगळ्यांचा एकच काढू" म्हणतात, तेव्हा हे ध्यानात असू द्या. आपल्याकडेही परदेशी पाहुण्यांसाठी इंडरेल नावाचा असा पास होता. तो 2017 साली बंद झाला.

आता हिशेब. पास घेतला म्हणजे पैसे वाचलेच असे मुळीच नाही. तारीख पक्की असेल आणि तिकीट दोन-तीन महिने आधी काढले, तर पुष्कळदा सुटे तिकीटच स्वस्त पडते. पासाचे दिवस लांबच्या प्रवासाला राखावेत. आम्ही हे शिकलो ते एक दिवस गमावून! फ्रायबुर्गहून बाझेल म्हणजे पाऊण तास. त्या जाण्यायेण्यासाठी मी मोठ्या ऐटीने एक दिवस उघडला आणि मुलीची बोलणी खाल्ली. शिवाय काही गाड्यांत पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते. पॅरिसला जाणारी वेगवान गाडी त्यातलीच, आणि तिच्यात पासवाल्यांना जागाही मोजक्या. आम्ही पॅरिसचा नाद सोडला. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही, तेव्हा तिकडेच फिरलो. दुसऱ्याचा जुना हिशेबही धरू नये. जपानचा सात दिवसांचा पास 29,650 येनांना मिळत असे. ऑक्टोबर 2023 मध्ये तो एकदम 50,000 येनांचा झाला.

स्वित्झर्लंडमध्ये कूर या गावी मुक्काम करून आम्ही डोंगरातली अल्बुला आणि बर्निना या मार्गांची रेल्वे पाहिली. तिथे मोठ्या काचांची प्रवाशांची खास गाडी आहे, तिला आरक्षण लागते. त्याच रुळांवरून गावकऱ्यांची साधी गाडीही जाते, तिला काही लागत नाही. डोंगर तेच! आम्ही साधीत बसलो. बर्निनाचा मार्ग 2,253 मीटरपर्यंत चढतो आणि पलीकडे इटलीतल्या तिरानोला 429 मीटरवर उतरतो, तोही दातेरी रुळांवाचून. वाटेत लँडवासरचा दगडी पूल लागतो. सहा कमानी, उंची 65 मीटर, आणि पूल संपतो तो थेट कड्यातल्या बोगद्यात. पूल वळणाचा असल्यामुळे आपल्याच गाडीचे तोंड खिडकीतून दिसते. सगळे लोक उठून फोटो काढीत होते. मला आठवण झाली ती पानवलच्या पुलाची. आपल्या रत्नागिरी स्थानकाच्या पुढे निवसरकडे जाताना लागतो तो. उंची 64 मीटर, लांबी 424 मीटर. म्हणजे लँडवासरच्या तिप्पट लांब. त्यावरून जाताना आपण डबा उघडून बसलेल्या असतो.

आता जी गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो ती सांगते. हल्ली पास मोबाईलवर असतो. मुलीने सोयीचे म्हणून दोघींचे पास माझ्याच मोबाईलवर ठेवले होते. निघताना वहिनी म्हणाल्या होत्या, "अगं, माझं तिकीट माझ्याजवळ असू दे." मी हसण्यावारी नेले. एका संध्याकाळी परतीच्या गाडीत टीसी आला. मी मोबाईल काढला, तर तो मेलेला! दिवसभर पुलांचे फोटो काढण्यात सारी बॅटरी संपली होती, आणि चार्जर खोलीवर. टीसी सभ्य होता, पण त्याच्या लेखी आम्ही बिनतिकिटाच्या दोन म्हाताऱ्या. पासपोर्ट दाखवला. त्यावर पास थोडाच दिसतो! वहिनींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांना इंग्रजी फारसे येत नाही, पण काय चालले आहे ते समजले. सगळा डबा आपल्याकडे बघतो आहे असे वाटून त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. पलीकडच्या बाकावरच्या एका मुलीने आपली वायर दिली. टीसी "पुढच्या स्थानकानंतर येतो" म्हणून गेला. ती दहा-बारा मिनिटे आम्ही दोघींनी एक शब्द काढला नाही. मोबाईल उजळला, पास दिसला, टीसीने यंत्र लावून पाहिले आणि हसून मान लववली.

खोलीवर आल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी एस.टी.ने मुंबईला गेले, तिकीट यांच्या खिशात. 1998 साली आपल्याकडून थेट गोव्यापर्यंत रेल्वे झाली, तेव्हा गेले, तिकीट भाऊजींच्या खिशात. हे गेल्यावर मुलाच्या मोबाईलवर. आज तुझ्या. मी बिनतिकिटाची ठरले ती माझ्या चुकीनं नव्हे."

मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही सुचत नाही. मी मुलीला फोन लावला. तिने त्याच रात्री वहिनींचा पास त्यांच्या मोबाईलवर घालून दिला आणि दिवस कसा उघडायचा, गाडी कशी नोंदवायची हे त्यांना तीनदा सांगितले. वहिनींनी ते सर्व वहीत मराठीत उतरवून घेतले. "गाडीत चढण्याआधी नोंद. नंतर नव्हे." हे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केले आहे. पुढचे दोन प्रवास झाले ते त्यांच्या वेळापत्रकाने. म्युनिकहून साल्झबुर्गला जाताना एका तळ्याकाठच्या स्थानकावर त्या एकाएकी उठल्या. "इथे उतरू या," म्हणाल्या. मी म्हटले, "वहिनी, आपलं गाव अजून यायचंय." त्यांनी मोबाईल पुढे केला. "दिवस आजचा आहे ना? मग पुढच्या गाडीनं जाऊ." आम्ही उतरलो. तळ्याकाठी दीड तास बसलो आणि डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

परत आल्यावर गेल्या महिन्यात एका लग्नासाठी दादरला जायचे होते. माझ्या मुलाने सर्वांची तिकिटे एकत्र काढली. वहिनींनी आपले तिकीट स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतले, आणि गाडीत टीसी आल्यावर सर्वांच्या आधी हात पुढे केला.

ती वही आज त्यांनी मजजवळ दिली आहे. ज्यांना उतरवून घ्यायची असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. मात्र वही घरी न्यायची नाही, असे त्यांनी बजावून सांगितले आहे.