मुदत कोणाला? खात्याला की शेतकऱ्याला?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सरकारचा कारभार सुधारायचा म्हणजे काय करायचे, यावर जगभर प्रयोग झाले. इंग्लंडात १९९१ साली जॉन मेजर यांच्या सरकारने नागरिकांची सनद काढली. कोणते काम किती दिवसांत होईल, हे कचेरीने आधीच लिहून द्यायचे. १९९७ मध्ये दिल्लीत मुख्यमंत्र्यांची परिषद झाली आणि ती सनद आपल्याकडेही आणायचे ठरले. आली, आणि कचेरीच्या भिंतीवर फलक होऊन बसली. मुदत टळली तर कोणाच्या खिशाला चाट बसणार, हे फलकावर नव्हते.

शिरपूरहून निघून पळासनेर ओलांडले की मध्य प्रदेश लागतो. त्या राज्याने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला, देशातला पहिला. उशिराच्या दर दिवसाला अधिकाऱ्यावर २५० रुपये दंड, जास्तीत जास्त ५००० रुपये. त्यातून अर्जदाराला भरपाई देण्याचीही सोय. आपल्याकडे असा कायदा यायला २०१५ साल उजाडले. दंड ५०० ते ५००० रुपये. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत, नाही मिळाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. अपील कोणी केले म्हणून मी इथे हात वर करायला सांगत नाही. अपिलाला तारखेची पोच लागते. पोच मागितली तर तलाठी आप्पा रागावतील, पुढच्या कामाला चकरा मारायला लावतील, ही आमची भीती.

आता पीकपेऱ्याचे बघा. पूर्वी ती नोंद तलाठ्याचे काम होते. बांधावर न येताच नोंदी होतात ही आमची तक्रार जुनी आणि खरी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता कपाशीत उभे राहून फोटो आपणच काढायचा, नोंद आपणच करायची. नोंद आपल्या हाती आली, हे चांगलेच झाले. पण काम आले तशी जोखीमही आली. सातबाऱ्यावर कपाशी नसेल तर सीसीआयच्या केंद्रावर हमीभावाने माप होत नाही, ज्वारी बुडाली तरी ती पेरलीच होती हे सिद्ध करत बसावे लागते. शिंदखेडा, पारोळ्याकडच्या कोरडवाहू माणसाकडे साधा फोन, आणि शेतात रेंज नाही. राहिलेल्यांसाठी सहायक नेमले आहेत, ते आले तर बरेच. पण मुदत बांधली आहे ती आमच्यावर. ॲप अडकले तर त्याला ना मुदत, ना दंड.

इंग्लंडच्या सनदेत आणि शेजारच्या कायद्यात जो फरक, तोच इथे हवा आहे. नोंद अडली आणि तशी तक्रार दिली, तर ठराविक दिवसांत बांधावर येऊन ती करणे खात्यावर बंधनकारक व्हावे, आणि न केल्यास दंड.

तोवर एवढे करा. ॲप चालले नाही तर त्याच दिवशी गट नंबर, पीक आणि क्षेत्र लिहून अर्ज द्या. दोन प्रती काढा. आपल्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय सज्ज्यावरून उठू नका.