सहा दिवस, पाच सामने

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील सेवानी या लहानशा विद्यापीठाचा १८९९चा अमेरिकन फुटबॉलचा हंगाम दंतकथेसारखा सांगितला जातो. मला तो आधी हिशेबाचा आणि मग पराक्रमाचा वाटतो. तिकिटांच्या पैशांवरून व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी बिनसले आणि त्यांच्याविरुद्धचा सामना झालाच नाही. ते उत्पन्न भरून काढायला व्यवस्थापक ल्यूक ली यांनी रेल्वेने दौरा आखला. सहा दिवसांत टेक्सास, टेक्सास ए अँड एम, तुलेन, लुइझियाना आणि मिसिसिपी हे पाचही संघ एकही गुण न मिळवता हरले. प्रतिस्पर्धी कच्चे होते, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण कच्च्या संघालाही दमलेल्या पाहुण्यांविरुद्ध एखादा गुण मिळायला हवा होता! बाराही सामने जिंकणाऱ्या सेवानीविरुद्ध हंगामभरात फक्त ऑबर्नने १० गुण मिळवले, आणि तो सामना सेवानीने ११-१० असा जेमतेम जिंकला.