क्राऊन-पिनियन : ठसा पाहिल्याशिवाय हौजिंग बंद करू नका



दिवाळी मागे पडली की आपल्या कोपरगाव तालुक्यात ऊस वाहतुकीची धांदल उडते. कोळपेवाडी आणि सहजानंदनगरच्या साखर कारखान्यांकडे भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. पाटपाण्याने ओल्या काळ्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना मोठा ताण पडतो तो ट्रॅक्टरच्या मागच्या डिफरन्शियलवर. त्यातल्या क्राऊन-पिनियनविषयी आज बोलू.

इंजिनाकडून येणारा फेरा पिनियन ही लहान दातेरी मोठ्या क्राऊनला देते. त्यामुळे फेरा आडवा वळतो, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. ओढताना घूं-घूं आवाज येऊ लागला तर दुर्लक्ष करू नका. मात्र फक्त वळतानाच आवाज येत असेल, तर आधी आतल्या स्टार पिनियन तपासा. बेअरिंग ढिले झाले तरी आवाज येतो, हेही ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. ही दोन्ही चाके तयार करतानाच एकमेकांशी जुळवलेली असतात आणि दोन्हींवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. एकाचे दात तुटले म्हणून तेवढे एकच बदलू नका. जोडीच घ्या आणि क्रमांक स्वतः ताडून पाहा.

दुसरी गोष्ट. जुन्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, जशाच्या तशा घालून काम उरकू नका. आधी बेअरिंग तपासून पिनियन बसवावी, शिमने तिची खोली साधावी. मग दोन्ही दातांमधली मोकळीक डायल गेजने क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजावी. मोकळीक किती हवी, ते आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. तोच आकडा खरा. अंदाजाने हाताने हलवून 'ठीक आहे' म्हणणे बरे नव्हे.

तिसरी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. क्राऊनच्या काही दातांना खुणेचा रंग पातळ लावा, क्राऊनला थोडे अडवून पिनियन फिरवा आणि ठसा पाहा. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे झुकलेला असावा. माथ्यावर उमटला तर पिनियन लांब आहे, ती आत घ्यावी. मुळाशी उमटला तर ती फार आत आहे, बाहेर घ्यावी. बाहेरच्या रुंद टोकाला गेला तर क्राऊन जवळ आणावी, अगदी आतल्या टोकाला गेला तर लांब न्यावी. क्राऊन सरकवताना एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घालावी, म्हणजे बेअरिंगचा ताण बदलत नाही. दर बदलानंतर मोकळीक पुन्हा मोजा.

हे सारे काम मिस्त्रीचे आहे, पण ठसा मालकाने उभे राहून पाहावा. तो चुकला तर सगळा भार दाताच्या एका कडेवर येतो आणि नवी जोडी ऐन हंगामात तुटते.

काम झाल्यावर पुस्तकात सांगितलेलेच तेल भरा. सुरुवातीला लगेच जड ट्रॉली ओढू नका, हलक्या कामावर जोडी बसू द्या. पुस्तकातील मुदतीप्रमाणे पहिले तेल बदला. निघालेल्या तेलात लोखंडाचे तुकडे दिसले तर ट्रॅक्टर तिथेच थांबवा.

मिस्त्रीकडे अर्धा दिवस जास्त गेला तर जाऊ द्या, बरं का! उसाच्या ट्रॉलीखाली ट्रॅक्टर वाटेत बसला, तर त्याहून कितीतरी अधिक दिवस जातात.