आधीं पाणी, मग धर्म

(नाताळच्या निमित्तानें नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत ख्रिस्ती व इतर मंडळींच्या संयुक्त सभेंत तेथील शाळाशिक्षकानें केलेलें भाषण.)



आम्ही ख्रिस्ती नाहीं. तरी ख्रिस्ती प्रीति व धर्मप्रसार या विषयावर आम्हांस बोलावयास सांगितलें, याचें प्रथम नवल वाटलें. मग मनांत आलें कीं, दुसऱ्याचा धर्म ज्याच्या दारीं येतो, त्यानेंच तो कसा यावा हें सांगितलें तर त्यांत वावगें काय?

योहानाच्या शुभवर्तमानांत एक गोष्ट आहे. प्रवासानें थकलेला येशू भर दुपारीं एका विहिरीपाशीं बसला. तेथें एक शोमरोनी बाई पाणी भरावयास आली. यहुदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. येशूनें तिला आधीं उपदेश केला नाहीं. आधीं पाणी मागितलें. देवाधर्माचें बोलणें त्यानंतर झालें. आमच्या मतें सारें मर्म येथेंच आहे. जो नुसता देतो तो उपकारकर्ता होतो. जो दुसऱ्याच्या हातचें घेतो तो भाऊ होतो.

या देशांत पाण्याचें मोल सांगावयास नको. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. तेथील शिक्षणाचें ऋण त्यांनीं मानलें, पण ते ख्रिस्ती झाले नाहींत. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १९२७ सालीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं बाबासाहेब आंबेडकरांना हजारों लोकांसह जावें लागलें. कोण आपणांस माणूस समजतो, हें त्याच्या प्रवचनावरून कळत नाहीं. पाण्याच्या तांब्यावरून कळतें.

आतां आपल्याच जिल्ह्याशीं संबंध असलेलें उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. संसार दुभंगला, तें दुःख थोडें नव्हतें. पुढें दोघें पुन्हां एकत्र आलीं, तरी बाईंचें सोवळें चालूच होतें, आणि टिळकांनीं तें चालूं दिलें. पुढें जातिभेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, असें लक्ष्मीबाईंच्या मनानें आपण होऊन घेतलें व त्या कोणाच्याही हातचें खाऊंपिऊं लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. ‘स्मृतिचित्रें’त हें त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे. म्हणजे येथेंही आधीं पाणी, मग धर्म! याच टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणें न घेतलेल्यांसही जागा होती.

आतां आमची स्वतःची लाज सांगतों. वीस वर्षांपूर्वीं या गांवीं नव्यानें बदलून आलों, तेव्हां ख्रिस्ती आळींतील एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. त्याच्या आजीनें चहा पुढें केला. आम्हीं पोट बिघडल्याची सबब सांगितली. वर्गांत समतेचे धडे देणारे आम्ही! म्हातारीनें ओळखलें व मुकाट्यानें कप आंत नेला. पुढें पावसाळ्यांत आम्ही तापानें अंथरुणास खिळलों. जवळ घरचें कोणी नव्हतें. तीच म्हातारी पेज घेऊन दाराशीं आली आणि म्हणाली, “गुरुजी, तुमचंच पातेलं द्या, त्यात ओतते.” तापापेक्षां तें वाक्य अधिक भाजलें. आम्हीं पातेलें दिलें नाहीं. तिच्याच भांड्यानें पेज प्यालों. ती आठ दिवस येत होती. धर्माचें अवाक्षर तिनें काढलें नाहीं. शेवटीं आम्हींच विचारलें, “आजी, तुम्ही प्रार्थनेत काय मागता?” ती म्हणाली, “तुमचा ताप उतरावा म्हणून मागते. आणि तवाचं बिघडलेलं पोट बरं झालं, म्हणून देवाचे आभार मानते.”

आम्ही अजून ख्रिस्ती झालों नाहीं. पण ख्रिस्त कोण होता, हें आम्हांस तिनें शिकविलें.

म्हणून ख्रिस्ती बांधवांस विनंति आहे कीं, धर्म अवश्य सांगा, पण धान्याच्या पोत्याला किंवा औषधाच्या बाटलीला तो बांधूं नका. दुसऱ्याच्या देवाची टवाळी करूं नका. आणि देवळांत एका बाकावर बसून सोयरिकीच्या वेळीं जुनी जात विचारूं नका. तसें कराल तर तुमच्या शुभवर्तमानावर कोण विश्वास ठेवील? बाकीच्या मंडळींस आमचा एकच सवाल आहे. ‘धर्म बुडाला, माणसें बाटलीं’ म्हणून ओरडतां. त्या माणसांच्या घरचें पाणी तुम्ही शेवटीं केव्हां प्यालां? ज्याला आपण ओट्यावर घेतलें नाहीं, तो दुसऱ्याच्या घरीं गेला, म्हणून त्याला दोष देण्याचा आपणांस काय अधिकार?

सभेनंतर चहा आहे. तो त्याच म्हातारीच्या घरून येणार आहे. पहिला कप आम्ही घेणार. ज्यास आमचें बोलणें पटलें असेल, त्यानें टाळ्या वाजवूं नयेत. दुसरा कप घ्यावा.