आठवड्याचे दोन तास

(बीबी, ता. लोणार येथे विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर केलेलं भाषण)



तुम्ही एवढे जण नाव नोंदवायला आलात, याचा मला आनंद आहे. पण आज मी कामाचंच बोलणार आहे. सेवेचा उत्साह आपल्याकडे कमी नाही. रमजानमध्ये रेशनचे किट वाटले जातात, ईदला घरोघरी शिरखुर्मा पोचतो. अडचण असते ती एखाद्या साध्या मंगळवारी. रक्तदाबाची गोळी संपलेली असते, गिरणीतून दळण आणायचं असतं, गॅसची टाकी बदलायची असते आणि घरात एकट्या दादी असतात. मुलं पुण्या-मुंबईला कामावर.

ही कामं छोटी वाटतात, पण ती अडली की माणूस अडतो. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरच्या गरजू वृद्धांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं. आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्रावर अंगठा उमटत नाही. मग लोणारला तहसीलमध्ये खेटे घालावे लागतात. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, पण गाडीत चढताना धरायला कुणीतरी लागतंच ना? ज्या घरात तेवढाच पैसा येतो, तिथे तो अडकला की आधी औषध बंद होतं.

दिव्यांगांचंही तसंच. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. पण प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा, तपासणीला जायचं, तर सोबत माणूस हवा. आपल्याच वयाच्या अंध मुलाला परीक्षेत लेखनिक लागतो आणि तो आयत्या वेळी शोधून सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही विद्यार्थी, आम्हाला वेळ कुठे? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. भागाकार करा, आठवड्याला सव्वादोन तास होतात. बरेच तास रॅलीत आणि झाडलोटीत जातात. हे काम त्यात धरता येईल का, हे तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा.

दोन तासांत काय होतं, हे केरळच्या मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्याने दाखवलं आहे. तिथे १९९९ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. अट साधी होती, आठवड्याला किमान दोन तास द्या आणि आधी प्रशिक्षण घ्या. त्यात विद्यार्थीही आले. पुढे २००८ मध्ये केरळने अशा सेवेचं सरकारी धोरण केलं. असं धोरण करणारं ते देशातलं पहिलं राज्य.

आपण बीबीत सुरुवात कशी करायची? आधी गरजेची यादी करा, स्वयंसेवकांची नंतर. गल्लीगल्लीत जाऊन विचारा, "चाचा, तुम्हाला कशात मदत हवी?" कुणाला औषध आणून हवं असेल, कुणाला फक्त पेपर वाचून. त्यांना काय हवं, ते आपण ठरवायचं नाही. मग एका घराला दोन विद्यार्थी जोडा, शक्यतो त्याच गल्लीतले. एकटी बाई असेल तिथे मुलीच जातील. वार आणि वेळ ठरलेली हवी. परीक्षा आली तर बदली माणूस देऊनच सुट्टी घ्यायची. घर कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, हे यादीत लिहायचंच नाही.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. एटीएमचा पिन किंवा ओटीपी विचारायचा नाही. पैशाचा हिशेब वहीत लिहून घरच्यांना दाखवायचा. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच आणायचं. आणि फोटो काढून स्टेटसला ठेवायचा नाही. ज्याला पाणी प्यायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्याजवळ उरलेली मोठी वस्तू म्हणजे त्याची अब्रू. ती आपण जपायची. आपल्याकडे याला खिदमत म्हणतात आणि खिदमत गाजावाजा न करताच शोभते.

अडल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो नंबर प्रत्येक घरात मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

एकदाच येऊन दहा घरं फिरणारे मला नकोत. वर्षभर एकच घर धरणारे हवेत. तुम्ही ठरल्या दिवशी गेला नाहीत, तर तिकडे कुणीतरी दाराकडे बघत बसलेलं असेल, एवढं लक्षात ठेवूनच नाव लिहा. वही टेबलावर आहे.